तार्तू, स्थलांतराची रात्र

रक्तपेढीच्या तळघरात मारिका
जुन्या डेटाबेसचं शेवटचं बिल उलगडते.
भाव दर कोअरमागे.
चार वापरले, सोळा मोजले.

वाईट नव्हता तो. अकरा वर्षांत
ओ-निगेटिव्हची एक पिशवी हरवू दिली नाही.
फोन केला की कुणीतरी उचलायचं,
नम्रपणे सांगायचं: आत डोकावू नका.

नव्याला फोनच नाही.
पोटात काय ते सगळं उघडं;
वाचत गेलं तर सापडते
कुणा अनोळख्याची टीप:
"इथे माझी चूक झाली होती. दुरुस्त केलीय. तरी पाहा."

पहाटेचे चार. बाहेर नदी गोठलेली.
आकडे जुळतात,
एक सोडून.

उर्मास विचारतो, आता ओरडायचं कुणावर?

मारिका खुर्ची ओढते.
"सरक जरा. वाचू."