माया

शाहूपुरीच्या शाखेत एसी होता,
म्हणून सुकुमारनं शर्टाची वरची गुंडीही लावली.
उगारे साहेब माझ्या धाकट्या भावाएवढे.
त्यांनी कॅल्क्युलेटर आमच्याकडं वळवून ठेवला,
दुकानदार तागा उलगडतो तसा.

हातात येतात अठ्ठावीस हजार चारशे.
त्यातलं निम्मं बँक धरते,
निम्मं आपल्याला जगायला सोडते.
चौदा हजार दोनशे.
गाडीचा हप्ता तेवीसशे, वजा.
फाउंड्रीतल्या पतसंस्थेची कपात एकोणीसशे, वजा.
ती नणंदेच्या बाळंतपणाची, पण कशाची ते कुणी विचारलं नाही.
राहिले दहा हजार.
वय अडतीस, अठ्ठावन्नला घरी बसणार,
म्हणजे वीस वर्षं.
लाखाला आठशे चौऱ्याऐंशी.
मग एक बटण दाबलं
आणि अकरा लाख एकतीस हजार.
कागदावर शब्द होता पात्रता.
मी तो लायकी असा वाचला.

आणि माझे?
महिन्याला पस्तीस-चाळीस ब्लाउज,
लग्नसराईत मोजायचंच सोडून देते.
साहेबांनी फॉर्म वर घेतला:
पद्मल सुकुमार मगदूम. व्यवसाय गृहिणी.
ते सुकुमारनंच भरलेलं, सवयीनं.
तो टेबलाखाली पाय हलवत राहिला.
कागद काय आहे, वहिनी?

पिशवीत मापाची वही होती.
अकरा वर्षांची उत्तरेश्वर पेठ तिच्यात आहे,
चौतीसची अडतीस झालेली,
आजारात परत बत्तीसवर आलेली,
कोपऱ्यात शिलाई, बाकी,
बाकी आली की फुली.
त्यांनी दोन पानं चाळली
आणि दोन्ही हातांनी परत दिली.

फ्लॅट पाचगावला, एकवीस लाख.
एक नदीकडं होता, सोळात,
पण पूररेषेत आहे, त्यावर बँक देत नाही.
हे मला सांगायला नको.
आमच्या भाड्याच्या खोलीत पाणी
मशीनच्या पायट्यापर्यंत चढलेलं.
मालकानं खुणेवर रंग मारला,
मग भाडं वाढवलं.
पाचगावात पाण्याला फोन करावा लागतो.
इथं ते न बोलावता येतं.

साहेब म्हणाले, मार्जिन किती आहे तुमच्याकडं?

मला हसू आलं.
आमच्या धंद्यात मार्जिनला माया म्हणतात.
शिवणीच्या आत दुमडलेलं बोटभर कापड,
वरनं दिसत नाही,
बाई अंगानं भरली की उसवून तेवढं सैल करायचं.
माया न ठेवणारीचं ब्लाउज
पहिल्या वर्षी फार सुरेख बसतं.

सांगितलं: भिशीचे दोन लाख चाळीस,
बांगड्या गुजरीत मोडल्या तर तीन.
एकवीसातनं त्यांचं गेलं,
त्यातनं आमचं गेलं,
उरलं चार लाख एकोणतीस हजार उघडं अंग.
नोंदणी, स्टँप वेगळं.

म्हटलं, साहेब, वीस वर्षं तुम्ही
अगदी अंगाबरोबर बेतलीत.
माया कुठं सोडली?

ते बघत राहिले. मग हळू आवाजात,
तुमच्या नावानं दोन वर्षं रिटर्न भरा.
मग तुमचंही धरता येतं.
दोन वर्षं, म्हणजे साधारण नऊशे ब्लाउज.

येताना महाद्वार रोडला पावतीपुस्तक घेतलं.
संध्याकाळी इंगवले काकू आल्या,
मोरपंखी, मागं बटणं, साडेतीनशे.
ब्लाउजला पावती? सोनं घेतलं काय गं मी?
मी कार्बन नीट सरकवला.
क्रमांक एक.
सही करताना हात थांबला,
माप लिहिताना कधी थांबत नाही.

सुकुमार दारात गाडी पुसत होता.
चौदा हप्ते राहिलेत हिचे, तो म्हणाला,
ते फिटले की दोन साठ वाढतात.
वर न बघता.
मग फडकं पिळलं, आणि म्हणाला,
तो फॉर्म परत मागून आणतो उद्या.