दहा मिनिटं

गुरुवारी पावणेसातला, केटरिंगच्या गोल्फ क्लबात
मला दहा मिनिटं बोलायचंय.
समोर पंधरा जण, बेकन, पाणचट चहा,
छपरं शाकारणारा कॉलिन, फुलंवाली ग्लेनिस,
कुत्र्यांचे केस कापणारी ती नवी मुलगी.

बावीस स्लाइड होत्या. काल नऊ केल्या.
'हिशेबाचे पाच सुवर्णनियम'
गॅरेजमध्ये फ्रीजरला म्हणून दाखवले.
फ्रीजर घुरघुरला.

मार्चमध्ये कॉलिननं बुटांचं खोकं
माझ्या टेबलावर उपडं केलं होतं.
वर्षभराच्या पावत्या, निम्म्या कोऱ्या.
व्हॅनच्या काचेमागं ठेवलेल्या; उन्हानं अक्षरं खाल्ली.
इथलं ऊन ते केवढं, तरी.
"खर्च तर केलाच होता ना मी," म्हणाला,
कान लालबुंद.

त्याचं नाव घ्यायचं नाही.
माझ्याच पर्समधली एक नेईन, पांढरीफट्ट.
कुठल्या दुकानाची, किती पौंडांची,
मलाच सांगता येत नाही.
हातोहात फिरवीन.
म्हणेन, त्याच दिवशी फोटो काढा.
झालं.

स्लाइड शून्य. आठ मिनिटं उरतात.
ती त्यांची; विचारा म्हणेन काहीही.

कॉलिन बहुधा
टोस्टला लोणी लावत राहील,
कडेपर्यंत, फार नीट.