धागा तुटला की

आमची क्वालिस जुनी, दोन हजार तीनची.
नंबर के ए बावीस, बॉनेटवर तिरका भगवा पट्टा
मधल्या मालकानं मारलेला, तो आम्ही पुसला नाही.
पाच लाखांनंतर मीटरनं मोजणं सोडलं.
उद्यमबागेतला दस्तगीर मिस्त्री म्हणतो,
"ह्या गाडीवर माझं पोट चालत नाही बघ.
तेल बदल, फिल्टर बदल, चहा पी, जा."
आणि दुसऱ्याच कुठल्या गाडीखाली शिरतो,
जिचं पोट उघडं पडलेलं असतं.

बाबा पहिल्यांदा बसले तेव्हा
वडगावपासून खासबागेपर्यंत नुसते ऐकत होते.
मग म्हणाले, "आपल्या चौथ्या मागागत वाजूलालीय."
चाळीस वर्षं चार मागांमध्ये उभं राहून
त्यांचा डावा कान गेलाय.
हे त्यांनी उजव्यानं ओळखलं.

तेव्हा मी सांगितलं, एका पॅसेंजरकडनं ऐकलेलं:
ही माणसं आधी मागच करायची.
असा माग, की धागा तुटला
की आपला आपण थांबायचा.
त्याचा हक्क विलायतेला विकला
आणि त्या पैशात मोटारीचं वेड पोसलं.

गोवावेस येईपर्यंत बाबा गप्प.
मग, "आपला आपण थांबायचा?"
"हां."
"कवा?"
"झाली की शंभरेक वर्षं."

शंभर वर्षं.
आणि आमची आई रात्रपाळीला
झिरोच्या बल्बखाली डोळे ताणून उभी.
एक धागा नजरेतनं सुटला
तर अख्ख्या साडीभर एक बारीक रेघ.
सावकार त्या रेघेवरनं नख फिरवायचा,
काही बोलायचा नाही,
वहीत मात्र मजुरी कापलेली असायची.

नावाचंही सांगितलं.
घराण्याच्या नावात शेवटी 'दा',
गाडीच्या नावात 'टा' केला.
त्यांच्या लिपीत तो आठ फटकाऱ्यांत बसतो म्हणे, आठ शुभ.
बाबांना हसू आलं.
"नाव बदललं, खरं कुणी मोर्चा काढला नाही?"
आमच्या गावाचं नाव पाटीवर एक, जिभेवर एक.
क्वालिस दोन्हीकडे तेवढंच डिझेल खाते.

त्या जुन्या नावाचा अर्थ पिकतं भातशेत.
हे मी तिथं सांगायला नको होतं.
गाडी मच्छ्याच्या अलीकडं होती,
डाव्या हाताला मामाचं बासमतीचं शिवार
आणि त्याच्या मधोमध मुरूम टाकून
ओढलेली सरळ पट्टी.
रस्ता झाला की गाड्या झकास पळतील.
आमची तर पळेलच.

नाव मोठं, म्हणून काय डाग नाहीत?
एका साली परदेशात त्यांच्या गाड्यांचा
ॲक्सिलरेटर खाली गेला की वर येईना.
लाखो गाड्या माघारी बोलवाव्या लागल्या.
थांबणाऱ्या मागाच्या घरात
न थांबणारी गाडी!
दस्तगीर म्हणाला, "लेकरू कुणाचंबी असू दे,
एकदा तरी हातातनं सुटतंय की."
आणि क्वालिस तर ऐन खपात असताना बंद केली,
भरल्या पंगतीतनं पान उचलावं तशी.
कुणी म्हणतं माज, कुणी म्हणतं हुशारी.
आम्हाला स्पेअर मिळतात अजून.

काल चोर्ला घाटातनं परत येताना,
कणकुंबी मागं पडली आणि
झोपलेले बाबा एकदम म्हणाले, "थांबव."
थांबवली.
उतरले, बॉनेटला उजवा कान लावला.
"काय तरी तुटलंय."
टॉर्च मारून बघितलं. बेल्ट, पाइप, वायरी,
सगळं जागच्या जागी.
बाबांनी टॉवेलनं उगाच एक दिवा पुसला,
मग दुसरा.
इंजिन बंद होतं.
आत काहीतरी गार होताना टिक, टिक करत होतं
आणि ते वाकून
तेवढंच ऐकत राहिले.