उत्तरेकडची खिडकी

तेहतीस वर्षं यांनी धरणाच्या भिंतीवरची पट्टी वाचली.
रोज सकाळी सहाला पाण्याची पातळी,
वहीत, लाल शाईनं.
आमच्या लातूरकडच्या त्या वहीत
पाणी बहुतेक खालीच जायचं.
निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी आले
आणि म्हणाले, कौसल्या, आता
भरलेलं पाणी बघत म्हातारं व्हायचं.

म्हणून या नदीवर आलो, तेरेखोलवर.
हिचा एक काठ गोव्याचा, दुसरा सिंधुदुर्गाचा,
मधलं पाणी कुणाचंच नाही,
दिवसातून दोनदा आपणहून भरतं.
यांना ते पटेचना.
पहिल्या दिवशी ओहोटी लागली तसे
इकडंतिकडं बघायला लागले,
गेट कुणी उघडलं म्हणून.

दोन घरं बघायची होती.
एक किरणपाणीला, पेडण्याच्या अंगाला,
एक पूल ओलांडून आरोंद्याला.
यांनी कागदावर उभी रेघ मारली.
पेट्रोल. विजेचं बिल.
दवाखाना म्हापशाला की सावंतवाडीला.
गाडीची पाटी बदलावी लागेल का.
सातबारा वाचता येतो, एक-चौदाचा उतारा वाचता येईल का.
सगळ्यात खाली लिहिलं, देखावा,
आणि दोन्हीकडं जागा कोरी ठेवली.

आरोंद्याचे विष्णुदास नाईक पडवीत सुपारी कातरत होते.
यांनी विचारलं, इथून काय काय दिसतं?
ते हसले.
"हय काय आसा बघूक?
बघूचा तां सगळा पलीकडे.
तो गोयंचो डोंगर बघा, सांजेक कसो दिसता तो!"
खरंच दिसत होता.
माडांच्या वर काजू, काजूच्या वर कातळ,
खाली लहानसं पांढरं देऊळ,
त्याचं दुसरं अर्धं पाण्यात.

मग पूल ओलांडून इकडं.
शेवंती गडेकर हात पुसत बाहेर आली.
तोच प्रश्न.
"आमगेर कितें पळोवपाचें? हांगा चिखल आनी कुर्ल्यो.
पळोवपाचें तें सगळें थंय, पेल्यान."
तिनं स्वयंपाकघराची खिडकी ढकलली
आणि तासाभरापूर्वी आम्ही ज्यात उभे होतो
ते सगळं तिथं लागलेलं होतं:
होडी, भाताचे तुकडे, चुलीचा धूर,
अंगठ्याएवढी नाईकांची पडवी.
नाईकांना आवडणारा डोंगर
आता आमच्या पाठीमागं होता.
जवळून तो म्हणजे काजूची चार झाडं,
एक फुटका पाइप
आणि कुणाची तरी स्कूटर.

रात्री पेडण्याच्या लॉजवर कागद पुन्हा निघाला.
पेन बराच वेळ हवेतच.
मी म्हटलं, अहो, घ्याल ते घर दिसणार नाही,
सोडाल ते रोज दिसेल.
आता काय सोडायचं तेवढं ठरवा.
यांनी गोव्याच्या रकान्यात लिहिलं, आरोंदा.
महाराष्ट्राच्या रकान्यात, गोवा.
मग दिवा घालवून झोपून गेले.
निकाल लागला तो विहिरीवर.
शेवंतीच्या विहिरीचं पाणी गोड होतं.

सहा महिने झाले.
घाटाच्या पायरीवर यांनी ऑइलपेंटच्या रेघा मारल्यात.
सकाळी सहाला जाऊन भरती वाचतात,
वहीत लिहितात. शाई निळी.
आरोंद्याचं घर सांगलीच्या कुणी घेतलं म्हणे.
सांजेला तिथं दिवा लागतो,
पडवीत दोन खुर्च्या, तोंडं आमच्याकडं.

म्हणजे आता आम्हीही त्यांच्या देखाव्यात.
हे बनियनवर पायरीवर निघाले
की मी आतून ओरडते, सदरा घाला.
कपडे वाळत घालताना
फाटकी चादर मागच्या दोरीवर,
आणि नदीकडच्या दोरीवर माझं हिरवं इरकल.
वाळलं तरी
तासभर तसंच ठेवते.