ळ

कामगार कार्यालयाच्या फाटकाबाहेर, बदामाखाली,
माझं टेबल आणि टंकयंत्र. एकवीस वर्षं.
गेल्या दिवाळीत त्याचा ळ तुटला.
दुरुस्ती करणारे चाचा त्याआधीच वारले होते.
तेव्हापासून ळ ची जागा मी कोरी सोडते
आणि कागद बाहेर आला की पेनाने भरते.

इतकं लागत असेल हे अक्षर, वाटलं नव्हतं.
टाळाटाळ. छळ. पिळवणूक.
वेळेवर वेतन मिळत नाही.

मंगळवारी मफिजुल आला.
साकीनाक्याला, पोटमाळ्यावर,
पितळी नळांना चकाकी देतो.
सात माणसं, एक पंखा, तोही मोटरकडे तोंड करून.
पाच महिन्यांचा पगार. "मिला नहीं," म्हणाला.
मी टाइप केलं: मि, मग नुसता काना, मग ला.

मागितला तेव्हा मालक ओरडला नाही. हसला म्हणे.
याचं आधार कार्ड त्याच्या खणात,
नोंदणीसाठी म्हणून घेतलेलं, दोन वर्षांपूर्वी.
टेबलावर उपडा फोन होता, तो सुलटा केला.
"करू एक फोन? बांगलादेशी आहे म्हणून सांगतो.
मग बस सिद्ध करत.
आणि तुझा अंगठा तरी उठतो का रे?"

उठत नाही.
मफिजुलने पंजे माझ्यापुढे धरले.
नऊ वर्षं चाकावर नळ धरून
बोटांच्या रेघा गेल्यात. गुळगुळीत.
रेशन दुकानातलं यंत्र तीनदा नाही म्हणालं.
मालकाला हे ठाऊक होतं. चाक त्याचंच.

"मालकाचं नाव?"
आडनाव ऐकून माझी बोटं थांबली.
आमच्याच तालुक्यातलं,
आमच्या देवळाच्या पावतीपुस्तकावर असतं ते.
चुकीचं ऐकलं असेल तर बरं, असं वाटून गेलं.
मग टाइप केलं, एकेक अक्षर विचारून.

मस्कतहून माझा भाऊ शुक्रवारी फोन करायचा,
कुजबुजत. त्याचा पासपोर्ट असाच कुणाच्या खणात.
त्यांचं एक अक्षर म्हणे घशाच्या तळातून येतं.
त्याला यायचं नाही. पगाराच्या दिवशी
फोरमन ते चारचौघांत म्हणायला लावायचा.
हे मी मफिजुलला सांगितलं नाही. चहा मागवला.

'मूळ गाव' या रकान्यापाशी तो अडखळला.
"लिखना जरूरी है?"
म्हटलं, हो, खरं तेच लिहू. यांना पगाराशी मतलब.
म्हणताना माझा आवाज नीट लागला नाही.
कालियाचक, जिल्हा मालदा.

मग मूळमधला ळ काढला. शेजारी शेजारी दोन गाठी.
"ये क्या है?"
म्हटलं, जीभ वळवायची, टाळूला लावायची, सोडायची.
"मिरालं," तो म्हणाला. "मिडालं."
हसलो दोघंही.
पलीकडच्या बाकावरून कुणीतरी वळून पाहिलं
तसा तो गप्प झाला.

कार्ड परत मिळावं, ही ओळ मी पगाराच्याही वर घेतली.
धमकी जशीच्या तशी, मालकाच्याच शब्दांत,
तारीख घालून.
अर्ज आत गेला, शिक्का बसला, पोच आली.
"पुलिस को ये दिखाऊँ, तो?"
माहीत नाही, म्हटलं.
त्याने पोच दोनदा दुमडली
आणि कार्ड ठेवायचा त्या खिशात ठेवली.

शुक्रवारी पोटमाळ्यावरचे बाकीचे सहा आले.
एक नेपाळचा, एक बस्तीचा, एक चक्क खेडचा.
साक्षीला दोघांनी सही केली, चौघांनी अंगठे.
चार निळे डाग. एकातही रेघ नाही.
साहेब म्हणाले, हे कुणाचेही असू शकतात.
खेडचा म्हणाला, "चाक बघायला चला ना मग."
साहेबांनी पंख्याकडे पाहिलं.

खाली मी टाइप केलं: सगळे हजर.
पेन उचलणार, तर मफिजुलने हात पुढे केला.
सावकाश, ओठ दाबून,
त्या कोऱ्या जागेत त्याने ळ काढला.
फार मोठा झाला, वरच्या ओळीला लागला.

राहू दिला.