लसण्या सालम

नवरा गेल्यावर काष्ठौषधींच्या गल्ल्यावर मी बसू लागले,
तेव्हापासून सालममिश्री मागणारे
चिठ्ठी पुढं सारायचे, नाहीतर पोराला धाडायचे.
लाजण्यासारखं त्यात काय, तर आकार.
कधी कधी जोडीच निघायची बरणीतून,
एक कंद भरलेला, एक सुरकुतलेला.
पंजेवाली महाग, लसण्या स्वस्त.
एकतीस वर्षं तोळ्यावर विकली.
ही वस्तू कधीकाळी जिवंत असेल
असं तराजूला वाटलं नाही. मलाही नाही.

मग भाद्रपदात उमाश्री आली, सायप्रसहून.
तिथं ती एका म्हातारीला सांभाळते.
म्हातारीच्या गॅलरीतल्या कुंडीतले तीन कंद
पावडरच्या डब्यात, कोरड्या वाळूत निजवून आणले होते.
"काकू, तुमच्या सालमच्याच भावकीतलं. फूल मधमाशीसारखं."
मी एक नखानं दाबून पाहिला.
आत ओल होती.
सवयीनं मनातल्या मनात भाव केला, आणि वरमले.

पहिला काळ्या मातीत लावला.
सोयाबीन देते, तूर देते, हिला नाही कशी म्हणेल?
काळीनं मिठी मारली ती सोडलीच नाही.
पंधरा दिवसांनी उकरलं
तर बोटाला नुसता वास.

राहिलेले दोन तस्लीम आपाच्या सल्ल्यानं
मुरमात, विटांच्या चुऱ्यात,
लिंबाखालचा कुजका पाचोळा मूठभर,
आणि डब्यातली ती वाळूही.
तिच्यात तिकडची बुरशी असते म्हणे,
तिच्याशिवाय ह्यांना जेवण जात नाही.
कोजागिरीनंतर दोन्ही उगवले.
बोअरच्या पाण्यानं कुंड्यांना पांढरी कड आली,
मग पानांना तपकिरी.
पौषात एक गेला.

उरलेल्याला फिल्टरचं पाणी,
चमच्यानं, कडेकडेनं,
पानांच्या मधोमध थेंब पडू न देता.
नवऱ्याच्या शेवटच्या महिन्यात
हा हात असाच शिकला होता.

फाल्गुनात दांडा वर आला.
गुलाबी पाकळ्या, मधे तपकिरी मखमली पोट,
खरंच कुणी येऊन बसल्यासारखं.
बिरादारांच्या नातवानं फुंकर मारून उडवून पाहिलं.
ज्या माशीसाठी हा सगळा नट्टापट्टा
ती समुद्रापलीकडं राहिली.
आमच्या माश्या आल्या, गुळाच्या आडतीवरून,
बघून गेल्या.
तीन दिवस फूल तसंच उघडं.
चौथ्या दिवशी आतले दोन पिवळे तुरे
आपणच खाली वाकले,
आपल्याच गळ्याशी टेकले.
चष्मा पुसून परत पाहिलं.
त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं.

चैत्रात पानं काळी पडली.
"मर गया की गे," आपा म्हणाली.
उमाश्रीचा फोन: नाही काकू, झोपलाय.
जुना कंद झिजून नव्याला भरतो, दरसाल.
आता पाणी बंद. दसऱ्यापर्यंत एक थेंब नाही.
फोन ठेवून मी बरणी उतरवली,
एक जोडी शोधून काढली
आणि कितीतरी वेळ
त्यातल्या सुरकुतलेल्याकडंच बघत बसले.

आता आर्द्रा लागलीय. उदगीरचे पत्रे वाजतायत.
पन्हाळीखाली बादल्या, घागरी, परात, तांब्यासुद्धा.
पाणी दिसलं की आमच्याकडं भांडं आपोआप पुढं होतं.
तेवढी एक कुंडी मात्र
मी पदराखाली झाकून दुकानात आणली,
चोरीचा माल आणावा तशी,
आणि वरच्या फळीवर बरणीशेजारी ठेवली.

संध्याकाळी एक भिजलेला माणूस आला,
इकडं तिकडं बघत कुजबुजला.
मी स्टुलावर चढले.
हात आधी कुंडीला लागला.
"ही नाही," मी म्हणाले, "ही जिवंत आहे."
तो गोरामोरा झाला.
बरणी काढली, तोळाभर तोलली,
पुडीला दोरा गुंडाळताना म्हटलं,
जरा सावकाश जा, बाहेर चिखल आहे.