तीन बाहेर, दोन आत

शाळेत मी कोशिका म्हणते, घरी पेशी.
मल्हारगंजच्या नववी 'ब'मध्ये एकदा तोंडून घरचा शब्द गेला
तर दीपांशु मालवीयचा हात वर:
"मैडम, पेशी तो मेरे पापा की है. गुरुवार को, जिला कोर्ट में."
वर्ग हसला. मीही.
मग बशीत एक बेदाणा ठेवला, साधं पाणी ओतलं,
आणि शाळा सुटेपर्यंत तो सुरकुत्या विसरून
टम्म झाला.
जिकडे विरघळलेलं जास्त, पाणी तिकडे ओढलं जातं,
असं हिंदीत सांगून, फळ्यावर लिहून
मी खडूचे हात झटकले.

त्याच आठवड्यात आईनं मला काकू म्हटलं.
चष्मा फ्रिजमध्ये ठेवला.
रामबागेतल्या, चाळीस वर्षांमागच्या शेजारणीला
खिडकीतून हाका मारल्या,
आणि पहाटे न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून राहिली,
उठतात कसं ते आठवेना म्हणून.

डॉक्टर सोजतियांनी कागद पुढे सरकवला.
सोडियम एकशे बारा.
"दिमाग की कोशिकाओं में पानी भर गया है."
मला बशी दिसली.
बेदाण्याला फुगायला बशीभर मोकळी जागा होती.
कवटीत कुठली?

सहा महिन्यांपूर्वी टेबलावरची मिठाची बरणी
मी उचलली. बीपीची गोळी मीच द्यायचे, न चुकता.
जिरावणाची डबी वरच्या फळीवर,
जिथं तिचा हात पोचत नाही.
"अगं, पोह्यांना चवच नाही," ती म्हणाली होती.
"होईल सवय," मी.

आता बाटलीतून मीठ. थेंब.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग थेंब.
"जल्दी नहीं हो सकता क्या?"
रात्रपाळीचा भूरिया यंत्राचा आकडा बघतो, मान हलवतो.
सुजेशी कसंबसं जमवून घेतलेल्या पेशीला
एकदम कोरडं केलं
तर ती जन्माची दुखावते.

तेव्हा मी स्टुलावर बसते आणि
तिच्या कपाळाआडचं बघू पाहते.
तेलकट कणांचे दोन थर,
डोकी पाण्याकडे, शेपट्या आत दडवलेल्या,
इतके पातळ की दहा-बारा हजार पदर रचावे
तेव्हा केसपेपरच्या एका कागदाची जाडी.
भिंत म्हणावी तर वाहती,
कण सारखे शेजार बदलताहेत
आणि तरी आतलं आत, बाहेरचं बाहेर.
पाण्याला वेगळी दारं, इतकी अरुंद
की एकामागे एक, रेशनच्या रांगेसारखं.
आणि तो पंप, ज्याला मी दरवर्षी दोन मार्कांत उरकलं:
तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत,
तीन बाहेर, दोन आत,
आई झोपली तरी,
आई मला काकू म्हणाली तरी.
अळणी पोह्यांतली कितीतरी ताकद
ह्या एका हमालीत गेली असणार.

तिसऱ्या सकाळी एकशे एकवीस.
ती डोळे उघडते, सलाइनच्या बाटलीकडे बघते.
"हे खारट असतं का गं?"
"हो."
"मग जिभेवर का नाही देत?"
भूरियाला मराठी येत नाही, पण तो हसतो.
मी हसत नाही. मला काकूच्या जागी
माझं नाव ऐकायचंय,
आणि ती ते अजून घेत नाही.

फोन वाजतो. दीपांशु.
"मैडम, किशमिश प्लेट में ही पड़ी है, फेंक दें?"
"रहने दे. नमक डालकर देख.
एकदम नहीं. थोड़ा-थोड़ा."
तो लिहून घेतोय, पेन कागदावर घासल्याचं ऐकू येतं.
ठेवता ठेवता आठवतं, आज गुरुवार.
"और पापा की पेशी?"
"बढ़ गई, मैडम."